दुसऱ्या ओळीतली फुली

चोवीस गुणिले पंधरा, बरोबर एकशे चव्वेचाळीस.

हे 144 मी आजवर इतक्या वह्यांत पाहिलंय, की वही उघडायच्या आधीच ते कुठे बसलेलं असणार हे मला कळतं. पोरगं आधी पाचानं गुणतं, 120 येतात. मग एकानं गुणतं, 24 येतात. हे 24 ते इमानेइतबारे 120 च्या खाली, एककाखाली एकक असं मांडतं आणि बेरीज करतं. पाढे आले, हातचा आला, बेरीज आली, अक्षरही सुरेख. उत्तर तेवढं चूक. आणि तिथे लाल पेनानं मी वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आले: फुली?

मराठी शाळेत शिकलेल्यांना ही फुली आठवत असेल. दोन अंकी संख्येनं गुणताना दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात आधी फुली मारायची आणि मग पुढचं लिहायचं. का मारायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही पुढे कुणाला सांगितलं नाही. ‘दुसरी ओळ आली की फुली’ असं वर्गाकडून दहा वेळा म्हणून घेतलं की आपलं काम झालं. डीएड झालं, नोकरी लागली, लग्न झालं, दोनदा बदली झाली, फुली तशीच सोबत राहिली.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. दुसरे गुरुजी माझ्याहून वयानं बरेच मोठे, निवृत्तीला टेकलेले. जूनमध्ये पटावर चौतीस लेकरं असतात. दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला वस्तीवर ट्रॅक्टर लागतात. भांडीकुंडी, कोंबड्या, शेळी, गोधड्या, पाण्याची टाकी आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली माझी निम्मी शाळा. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, काही टोळ्या थेट कर्नाटकात. परत यायचं ते साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. काहींसाठी हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे लेकरू गावात आजीजवळ थांबतं आणि त्याच्या जेवणाची सोय होते. पण ज्याची आजीच उसाच्या फडावर जाते त्यानं थांबायचं कुणाजवळ? जाणाऱ्याला आम्ही शिक्षण हमी कार्ड भरून देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसता येतं. माझ्याकडची बरीच कार्डं एप्रिलमध्ये जशीच्या तशी, घडीसुद्धा न मोडता परत आलीत.

तर 2024 चा एप्रिल. सकाळची शाळा. चौथीतला एक पोरगा नुकताच फडावरून परतला होता. मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणारा, तिचा हिशोब ठेवणारा. ह्याला सगळी शाळा ‘मुकादम’ म्हणायची, कारण कुणाच्या किती गोट्या कुणाकडे हे त्याला विचारलं की कळायचं. हातावर उसाच्या पाल्याचे ओरखडे, नखं काळी. फळ्यावर मी उदाहरण घातलं होतं, एका पेटीत 24 आंबे तर 15 पेट्यांत किती. त्याचं उत्तर 144.

मी सवयीनं लिहिलं, फुली?

त्यानं वही मागे घेतली, विचार केला आणि फुली मारली. 24 च्या डाव्या बाजूला. पुन्हा बेरीज केली. पुन्हा 144. वही पुढे सरकवून तो माझ्याकडे बघत उभा राहिला. म्हणाल्याप्रमाणे फुली मारली होती, आता आणखी काय हवंय?

मला हसू आलं आणि मग जरा लाजही वाटली. दिवाळीआधी ह्याच पोरानं फुली बरोबर जागी मारलेली मी पाहिली होती. सहा महिन्यांत त्याच्या डोक्यातून फुलीची जागा निघून गेली होती, फुली तेवढी राहिली होती.

वही मिटून मी विचारलं, “मोळ्या बांधता येतात का रे तुला?”

अख्खा वर्ग हसला. मॅडमनं काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

“बरं, एका माणसानं दिवसाला चोवीस मोळ्या बांधल्या. पंधरा दिवसांत किती?”

त्यानं वर पत्र्याकडे बघितलं. “तीनशे साठ.”

“कसं केलंस?”

आणि इथे जे झालं ते मी अजून विसरले नाही. त्याचा चेहरा पडला आणि तो घाईघाईनं म्हणाला, “चुकलं का? एकशे चव्वेचाळीस.”

म्हणजे बघा. बरोबर उत्तर त्याच्या हातात होतं, त्याचं स्वतःचं होतं, पत्र्याकडे बघून त्यानं ते मिळवलं होतं. मॅडमनं ‘कसं केलंस’ विचारल्याबरोबर त्यानं ते टाकून दिलं. कारण आमच्याकडे बरोबर आलं की बाई टिक करतात आणि पुढे जातात. चुकलं तरच थांबून विचारतात. चार वर्षांत तो एवढं नीट शिकला होता, आणि ते मीच शिकवलं होतं.

मी म्हणाले, “चुकलं नाही. मला तोंडी इतक्या पटकन जमत नाही, म्हणून विचारते.” ते खरंही होतं.

मग तो बोलला. “धा दिसाच्या दोनशे चाळीस. पाच दिसाच्या त्याच्या निम्म्या, एकशे वीस. झाल्या की तीनशे साठ.”

मी फळ्यावर त्याचं म्हणणं लिहिलं, वर 120 आणि खाली 240. शेजारी त्याच्या वहीतलं मांडलं, वर 120 आणि खाली 24. काही बोलले नाही. खरं तर बोलायची फार इच्छा होत होती. जीभ दाताखाली धरून थांबले. बराच वेळ गेला. मागच्या दोघी कुजबुजायला लागल्या. मग तो फळ्याजवळ आला, 24 वर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ह्यात धा दिसाचं शून्य खाल्लंय.”

थोड्या वेळानं, “मंग फुली म्हंजी शून्य हाय व्हय?”

“हो.”

“मंग शून्यच का न्हाय लिवत?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुपारी गुरुजींना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, मी तेहतीस वर्षं फुल्याच मारल्या.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीतून आवाज आला, “दुसरी ओळ आली की...” आणि मग एकदम शांतता. पुढे काय म्हणावं हे त्यांचं बहुधा ठरत नव्हतं.

हे सगळं लिहायचं कारण, परवा एका शिक्षिका मैत्रिणीनं फोनवर विचारलं, “तुझ्याकडे ज्ञानरचनावाद कसा चाललाय?” जसं काही सोयाबीन कसं आलंय. तिला काय सांगावं कळेना, म्हणून इथे सांगतेय.

ज्ञानरचनावाद हा शब्द आमच्याकडे वाजतगाजत आला तो 2015 मध्ये. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. मूल स्वतः आपलं ज्ञान रचतं, शिक्षकानं ओतायचं नसतं, हा त्यातला गाभा. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटाचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या एका गटाचं, नाव सगळीकडे झालं. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी साध्या जिल्हा परिषदेच्या शाळांत लेकरांना खाली बसवून, हाताळायला साहित्य देऊन, गटागटानं शिकतं केलं होतं. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडे निघाल्या. आमचीही निघाली.

त्याआधी आम्ही आमच्या परीनं तयारी केली होती. तेव्हा मी दुसऱ्या शाळेवर होते. लोकवर्गणी काढली, ऑइल पेंट आणला आणि दिवाळीच्या सुट्टीत फरशी रंगवली. शब्दडोंगर, वाक्यडोंगर, आगगाडीच्या डब्यात बाराखडी, शंभरपर्यंतचा साप. भिंतीला लेकरांच्या उंचीवर तळफळे. माझ्या नवऱ्यानं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोर काढला, त्याला चित्रकलेत गती आहे. शाळा दिसायला देखणी झाली. फोटो केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले, अंगठे आले. आणि मग मी त्या रंगवलेल्या फरशीवर छडी टेकवत म्हणाले, “चला, माझ्यामागे म्हणा, अ अ अननस.” फळा भिंतीवरून जमिनीवर आला होता, एवढाच काय तो फरक. अननस तर आमच्यापैकी कुणीच प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता.

कुमठ्याच्या सहलीला गेलो तेव्हा जानेवारी होता. तिथल्या वर्गात एक गोष्ट मला टोचली, ती फरशी नव्हे. बाई बोलत नव्हत्या. लेकरं चिंचोके मांडत होती, आपसात भांडत होती, आणि बाई एका गटाशेजारी मांडी घालून नुसत्या ऐकत होत्या. आम्ही चाळीस जण दारात उभे, तरी लेकरांनी फारसं वर पाहिलं नाही. आमच्यातले निम्मे फरशीचे फोटो काढण्यात गुंतले होते. मीही काढले.

परतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. संध्याकाळ होत आली होती, तोडलेल्या फडात ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडलेल्या, बाहेर चुली पेटलेल्या. चहाला गाडी थांबली तेव्हा वाढ्याचा, उसाच्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेतलेली एक पोरगी रस्ता ओलांडत होती. माझ्या शाळेतली नव्हती. पण असू शकली असती, त्या वर्षी आमच्या दोन टोळ्या सातारा जिल्ह्यातच होत्या. लेकरं कशी शिकतात हे बघायला मी तीनशेवर किलोमीटर आले होते, आणि माझी लेकरं मला न दिसता तिथेच कुठेतरी होती. गाडीत भेंड्या चालू होत्या. मी खिडकीशी बसून राहिले.

सहलीहून आल्यावर मी आणखी एक घोळ घातला, तोही सांगते. ‘ओतायचं नाही’ हे मी इतकं मनावर घेतलं, की शिकवणंच सोडलं. अक्षरं सांगायची नाहीत, लेकरू आपोआप ‘रचेल’. साहित्य मांडून ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. ज्यांच्या घरी कुणी वाचणारं होतं त्यांनी रचलं. पहिलीतली एक पोरगी, घरात अक्षराचा कागद म्हणजे पंचांग आणि रेशनकार्ड, ती दोन वर्षं चिंचोके मांडत राहिली, आनंदात, आणि तिसरीत आली तेव्हा तिला स्वतःचं नाव सोडून काही वाचता येत नव्हतं. वर्णनात्मक नोंदीत तिच्यापुढे मी लिहिलं होतं, ‘गटकार्यात आवडीने सहभागी होते.’ ते तरी माझं कुठे होतं! 2010 पासून आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, प्रत्येक लेकराबद्दल शिक्षकानं आपल्या शब्दांत लिहायचं. लगेच तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, पुढे पीडीएफ आल्या. एका जिल्ह्यातल्या हजारो लेकरांबद्दल तीच चाळीस वाक्यं. मूल केंद्रस्थानी ठेवायच्या रकान्यातही आम्ही मूल सोडून सगळं भरलं.

त्या पोरीपायी मी फलटणच्या कामाकडे वळले. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाई, भाषाशास्त्रज्ञ, फलटणच्या बोलीचा अभ्यास करता करता तिथल्याच झाल्या. भारतीय नागरिकत्व घेतलं, प्रगत शिक्षण संस्था काढली, कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी उचलल्या. एक, वाचायला शिकवावं लागतं, नीट, पायरीपायरीनं, आणि त्यात कमीपणा नाही. दुसरी, लेकरू घरून जी भाषा घेऊन येतं ती चुकीची मराठी नसते, त्याची मराठी असते.

मग मी तिच्यासाठी अख्खी बाराखडी बाजूला ठेवली. म, क, ल, र, न, घ आणि काना. बस. एवढ्यात मका होतो, काका होतो, मामा, कान, नाक, माळ नाही पण माल होतो, घर होतं, घार होते, मन होतं. चौथ्या दिवशी तिनं ‘नका’ वाचलं आणि म्हणाली, “म्या वाचलं.” मी ‘मी वाचलं’ असं दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. मिटलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिचं वाक्य लिहिलं, ‘म्या घर लिवलं.’ त्यातलं ‘म्या’ आणि ‘लिवलं’ तिला अजून शिकवलेलं नव्हतं, तरी तिनं वाचलं, कारण ते वाक्य तिचं होतं. शुद्ध काय, पुस्तकी काय, ते आम्ही पावसाळ्यात केलं. तिनं ते झटक्यात उचललं, जसं माहेरचं एक आणि सासरचं एक बोलणं बायका उचलतात.

आमच्या प्रशिक्षणांत वक्ते येतात आणि पुण्याचं अक्षरनंदन, कोल्हापूरचं सृजन आनंद, अशा प्रयोगशील शाळांची नावं घेतात. मोठं काम आहे, शंका नाही. लीलाताई पाटलांनी सृजन आनंद 1985 मध्ये सुरू केलं तेव्हा असं काही करणं सोपं नव्हतं. पण माझ्या मनात येतं ते असं, की त्या शाळांना शोधत पालक येतात आणि माझ्याकडचा पालक दिवाळीला लेकरू घेऊन जातो. मला जवळच्या वाटतात त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली. आदिवासी पाड्यावरची लेकरं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव आहे तो अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून कुरणावरच शाळा भरली. कुरणशाळा! माँटेसरीचं महागडं साहित्य कुठून आणणार, तर पानं, बिया, शंख, शिंपले. आमचे चिंचोके म्हणजे त्यांचीच पाचवी पिढी.

मी एकदा उन्हाळ्यात कोसबाडला जाऊन आले. टेकडीवर वारा फार छान होता. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की ह्यांचं कुरण डोळ्यासमोर तरी होतं. माझं कुरण दर वर्षी जिल्हा बदलतं. ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. कोपीतून शाळेत जायचं तर धाकट्याला कुणी धरायचं? कोयत्याचं गणित त्यावरच उभं असतं.

कोयता म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मुकादम कोयत्यावर देतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अपूर्णांक शिकवताना मला याचा फार उपयोग झाला. पुस्तकात अर्धं म्हणजे कापलेलं सफरचंद. मी विचारलं, अर्धा कोयता म्हणजे किती माणसं? “एक!” मग एक हे अर्धं कसं? यावर वर्गात जी वादावादी झाली ती मी मिटवलीच नाही, घंटेनं मिटवली. शेवटी तिसरीतली एक म्हणाली, “पुरं केवढं हाय ते आदी सांगा, मंग अर्दं सांगते.” अपूर्णांकाबद्दल याहून नेमकं मला डीएडला कुणी सांगितलं नव्हतं.

मात्र इथे मला एक पथ्य पाळावं लागतं, आणि त्यावरून माझं एकदा वाजलंही. शाळेला भेट द्यायला आलेले एक पाहुणे हे मोळ्यांचं गणित बघून खूष झाले. म्हणाले, “वा, अनुभवातून शिक्षण! हीच तर नई तालीम.” मी नई तालीम वाचलीय. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योग मधोमध ठेवून शिक्षण द्यायची कल्पना मांडली, झाकीर हुसेन समितीनं तिचा आराखडा केला. टकळी फिरवता फिरवता सूत मोजायचं, त्यातून गणित, कापसातून भूगोल. सेवाग्रामचं आनंद निकेतन आजही त्या वाटेनं जातं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथेही हातानं काम करत शिकणं आहे आणि ते मला मनापासून पटतं. पण टकळी लेकराच्या हातात शिकण्यासाठी दिलेली होती. कोयता माझ्या लेकरांच्या हातात उचल फेडण्यासाठी येतो. पहाटे चारला उठून, थंडीत, ओल्या पाल्यात. मी पाहुण्यांना म्हणाले, “सर, कोयत्याला शैक्षणिक साहित्य म्हणायची माझी हिंमत नाही.” ते नाराज झाले. चहा न घेता गेले. गुरुजी म्हणाले, “थोडं गोडीनं घ्यायचं होतं.” घ्यायला हवं होतं, खरंय.

पण मग मी मोळ्यांचं गणित घेते ते का? दुसरं काही नाही, तो हिशोब त्यांच्या डोक्यात आधीच असतो म्हणून. फडावर जाऊ नये ही माझी इच्छा वेगळी आणि फडावरून तो काय घेऊन आलाय हे बघणं वेगळं. दोन्ही एकाच वेळी मनात धरताना कधीकधी मलाच अवघडायला होतं.

त्या वर्षीच्या नोंदवहीत मुकादमाच्या नावापुढे मी पीडीएफमधलं वाक्य लिहिलं नाही. लिहिलं, ‘दहा दिवसांचं शून्य सापडलं.’ तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांना आणखी तीन शाळा करायच्या होत्या. “ठीक आहे, पण रकान्यात बसेल असं लिहीत जा,” म्हणाले. वाईट माणूस नव्हता.

जूनमध्ये मुकादम पाचवीला शेजारच्या गावी गेला. संध्याकाळी मात्र आमच्याच ओट्यावर गोट्या खेळायला यायचा. त्या दिवाळीला तो ट्रॅक्टरवर चढायच्या आधी मी त्याला एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, अभ्यास करू नकोस, रोज गाडी कारखान्यावर गेली की काट्यावर किती वजन झालं तेवढं लिही. त्याचा बाप गाडीवान, गाडी सेंटरला, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्यांच्या तळावर असतो. बाप हसला, “पावत्या असत्यात की मॅडम.” असू देत, म्हणाले.

2025 च्या एप्रिलमध्ये वही परत आली. तिला गुळाचा आणि धुराचा वास. पुढची काही पानं फाडलेली, चूल पेटवायला बहुतेक. पण आत तारीखवार लिहिलेलं होतं. ‘1 खेप, दीड टन.’ ‘पाऊस. खाडा.’ ‘बैल बसला.’ एका पानावर धाकट्या बहिणीनं काढलेली गाय. आणि मधल्या एका पानावर गुणाकार, आठवड्याचा हिशोब असावा. दुसऱ्या ओळीत, एककाच्या घरात, ठळक शून्य. गिरवून गिरवून जाड केलेलं.

दोन दिवसांनी त्याचा बाप शाळेत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. हातात पोराची वही, खिशात पावत्यांचं पुडकं आणि मुकादमाकडून, म्हणजे खऱ्या मुकादमाकडून, उतरवून आणलेला कागद.

“मॅडम, पोराच्या वहीत अन् मुकादमाच्या कागदात तीन खेपांचा फरक पडायला. कुणाचं बराबर धरायचं?”

शाळा सुटली होती. आम्ही ओट्यावर बसलो. मी बोलले नाही, पोरगं एकेक पावती लावत गेलं आणि बाप तारखा आठवत गेला, त्या दिवशी बैल बसला होता, त्या दिवशी काटा बंद होता. ऊन ओट्यावर येईपर्यंत चाललं होतं. एक खेप पोरानंच दोनदा लिहिलेली निघाली. त्यानं ती खोडली, बाजूला ‘माझी चूक’ असं लिहिलं. उरलेल्या दोन खेपांच्या पावत्या सापडल्या नाहीत. फाडलेल्या पानांत काय होतं ते चुलीला माहीत. बाप मुकादमाकडे दोनदा जाऊन आलाय, त्यांचं घोंगडं अजून भिजतंय.